आमचं रक्त तपकिरी करू नका

कालचा फोटो घ्या. त्यातला निळा खाली ओढा, पिवळा वर चढवा. काळा पुरता काळा ठेवू नका, राखेसारखा करा. चार कोपरे अंधारे, मधोमध उजेड. वरून दाणे पेरा, दोन ओरखडे मारा, एक घडीची रेघ द्या, कडेला पांढरी पट्टी. झालं! काल काढलेला फोटो पन्नास वर्षांचा म्हातारा झाला. मशीनवर पाच मिनिटं लागतात. मोबाईलवर तर अंगठा एकदा फिरवला की काम तमाम. याला म्हणायचं विंटेज लूक.

मी घाटकोपर पूर्वेला एका फोटो स्टुडिओत मशीनवर बसतो. हेच करतो. पोट आहे. लग्न ठरलेल्या जोडप्यांना मी १९६० सालात नेऊन सोडतो, मुलुंडच्या फ्लॅटमधल्या बारशाला संस्थानी थाट देतो. पैसे घेतो, पावती देतो. त्यांचा शौक त्यांच्यापाशी. माझं भांडण आपल्या पोरांशी आहे. म्हणजे तुमच्याशी.

११ जुलैच्या बॅनरसाठी वस्तीतली पोरं आली होती. चांगली पोरं. वाचणारी, अभ्यासवर्ग चालवणारी, वर्गणीचा हिशेब चोख ठेवणारी. पेनड्राइव्हमध्ये १९९७ चे फोटो. रंगीत. हायवे, पोलिसांच्या गाड्या, पुतळा, पडलेली माणसं. म्हणाली, ''दादा, सेपिया मार. जुना फील आला पाहिजे. हिस्टॉरिकल वाटलं पाहिजे.''

अरे, हा फोटो रंगीत आहे! यातलं रक्त लाल आहे. ते लालच दिसावं म्हणून कुणीतरी त्या दिवशी गोळ्यांच्या आवाजात कॅमेरा धरून उभा राहिला. आणि तू मला सांगतोस, याचा चहाचा डाग कर?

मी केलं नाही. बॅनर रंगीत गेला. पोरं थोडी नाराज झाली. त्यांचं म्हणणं असं की तपकिरी केल्याने फोटोला वजन येतं, लोक थांबून बघतात. तेव्हा दुकानात गर्दी होती, बोलायला सवड नव्हती. आता सविस्तर बोलतो.

११ जुलै १९९७. माता रमाबाई आंबेडकर नगर. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार दिसला. लोक हायवेवर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या घातल्या. १० माणसं मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. गुंडेवार आयोग बसला, त्याने गोळीबार असमर्थनीय ठरवला. हुकूम देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली ती २००९ साली. बारा वर्षांनी! त्यावरही अपील आणि जामीन.

यातलं तपकिरी काय आहे, मला दाखवा. त्या दिवशी वस्तीत केबल टीव्ही होता, रंगीत सिनेमे चालू होते, पोरं जीन्स घालत होती. त्या दिवशी पायाला गोळी लागलेला माणूस आजही नाक्यावर कटिंग पितो. तपकिरी रंग डोळ्याला काय सांगतो? फार पूर्वीची गोष्ट. म्हणजे मारणारे मेले, साक्षीदार मेले, फाईल वाळवीने खाल्ली, आता हळहळा आणि पुढे चला. सरकारला जे तीस वर्षांत जमलं नाही ते तुम्ही एका क्लिकमध्ये करून देताय. केस बंद!

आणि त्या दिवसाचं सगळं भांडणच मुळात वेळेचं होतं, हे विसरू नका. पोलिसांच्या बाजूने सांगितलं गेलं की जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता, म्हणून गोळ्या घालाव्या लागल्या. टँकरची चित्रफीत पुढे केली गेली. मग प्रश्न उरतो तो एवढाच: आधी काय? टँकर कुठे उभा होता आणि गोळी लागलेली माणसं कुठे पडली? आयोगाने टँकरची सबब मानली नाही. आनंद पटवर्धनांच्या २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये या फितीची उलटतपासणी आहे. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी बॅनर नंतर लावा, आधी सिनेमा बघा. चित्रातली काही मिनिटं इकडची तिकडे झाली की खुनाचा बंदोबस्त होतो. तिथे तुम्ही पन्नास वर्षं सरकवता, तीही हौसेने.

बरं, सेपिया सेपिया करता, तो काय प्रकार आहे हे तरी ठाऊक आहे? काळ्या-पांढऱ्या प्रिंटमधलं चित्र चांदीचं असतं. घरातली चांदीची तोरडी काळी पडते तशी तीही हवेने बिघडते. म्हणून डार्करूमवाले ती प्रिंट आधी पोटॅशियम फेरीसायनाइडच्या पाण्यात उडवायचे, मग सोडियम सल्फाइडच्या पाण्यात बुडवायचे. चांदीचं सल्फाइड व्हायचं, ते तपकिरी. खोलीभर सडक्या अंड्यांची घाण. एवढा उपद्व्याप कशाला? तर चित्र टिकावं म्हणून. तो तपकिरी रंग फोटोचं आयुष्य वाढवणारा होता. आताचा तपकिरी रंग फोटो मरायला टेकलाय असं दाखवणारा आहे. नाव तेवढं तेच ठेवलंय.

रंगीत प्रिंटची कथा वेगळी. तिच्यात चांदी उरत नाही, रंगांचे तीन थर असतात. सत्तर-ऐंशीच्या कागदांवरचा निळसर थर आधी विरायचा आणि मागे लालसर पिवळं भूत उरायचं. कागदाचा हा रोग कंपन्यांनी बाटलीत भरला आणि फिल्टर म्हणून वाटला. इन्स्टाग्राम २०१० च्या ऑक्टोबरात निघालं तेव्हाच्या फिल्टरांत एकाचं नावच होतं '१९७७'. गुलाबी, मऊ, उन्हात सुस्तावलेलं. कुणाचं हे १९७७? आपलं १९७७ मला विचारा. मार्चमध्ये पँथर बरखास्त झाल्याचं जाहीर झालं. मे महिन्यात बिहारात बेलछीला ११ माणसं मारून जाळली, बहुतेक दलित. पुढच्या वर्षी जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या, पोचिराम कांबळे यांचा खून झाला. याला लावा तुमचा गुलाबी!

जुनं म्हणजे गोड, हे कुणी ठरवलं? ज्यांचं जुनं गोड होतं त्यांनी. ज्यांच्या वाड्याला झोपाळा होता, झोपाळ्यावर आजी होती, आजीच्या नाकात नथ होती आणि समोर फोटोग्राफर उभा होता. अंधेरीला लोखंडवाल्यात जा, पवईला जा. महागड्या हॉटेलांच्या भिंतींवर तपकिरी मुंबई टांगलेली आहे. ट्राम, व्हिक्टोरिया, गिरणीचं धुराडं. ट्राम १९६४ ला बंद पडली म्हणून हे उसासे टाकतात. त्याच धुराड्याखाली विणखात्यात अस्पृश्याला पाय ठेवू देत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्या उष्ट्याने बाकीचे बाटत. ते कुठल्या फ्रेममध्ये आहे? कॉफीचं बिल भरून ज्यांना असल्या भिंतीसमोर सेल्फी काढायची आहे त्यांनी जरूर काढावी. फक्त एवढं ध्यानात असू द्या, त्या 'गुड ओल्ड' दिवसांत तुम्ही त्या टेबलाशी बसलेले नव्हता.

फोटोशी खेळ करणं फोटोशॉपने आणलं असंही समजू नका. फोटोशॉप १९९० चं. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने १८६३ आणि १८६६ साली इथल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड छापले. माणसं एकीकडे उभी करून टिपली, कातरीने कापली आणि भलत्याच देखाव्यावर चिकटवली. टाचणी टोचलेली फुलपाखरं जशी. या देशात सामान्य माणूस कॅमेऱ्यासमोर आला तो आधी असा, नमुना म्हणून, जातीचं लेबल लावून.

आता आपल्या घरातल्या खोट्याबद्दलही बोलू. त्याला मी सोडणार नाही. माझ्या आजोबाचा आयुष्यात एकच फोटो निघाला, साठच्या दशकात, दादरच्या बाजूला कुठल्याशा स्टुडिओत. आजोबा गोदीत हमाल. फोटोत कोट आहे, टाय आहे, खिशाला पेन आहे. तो कोट आजोबाचा नव्हता. स्टुडिओत खिळ्याला टांगलेला असायचा, येईल तो घालायचा, पुढच्यासाठी परत टांगायचा. पेनही स्टुडिओचं. आजोबाला अक्षर येत नव्हतं. वर रिटचवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून त्याला गोरा केला, ते मात्र मला कधीच पटलं नाही. काळा माणूस काळाच राहू द्यायचा होता. पण कोट? तो कोट मी कुणाला हसू देत नाही. बाबासाहेबांचा सूट पाहिलेल्या माणसाने आठ आणे-रुपया मोजून सांगितलं की माझ्या घरात हे यायचं आहे. ते खोटं पुढचं मागत होतं. माझ्या बापाच्या अंगावर खरा कोट आला नाही, पण खिशाला खरं पेन आलं, आणि तो पेन त्याने वापरला.

तुमचं विंटेज काय मागतंय? मागचं. जे आपलं नव्हतंच ते मागचं. एक पोरगी आली होती, कॉलेजातली, हुशार. तिला आईबापाच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांचा फोटो 'एकदम जुन्या घराण्यासारखा' हवा होता. मागे वाडा, हातात काठी, बापाच्या डोक्याला फेटा. बाप महापालिकेत सफाई खात्यात. मी म्हटलं, बाई, हा वाडा ज्याचा होता त्याच्या दारात तुझ्या पणज्याला उभं करत नव्हते, आणि तू बापाला त्याच दारात फेटा बांधून उभा करतेस? ती म्हणाली, ''दादा, इतकं काय मनाला लावून घेता, फोटोच तर आहे.''

फोटोच तर आहे! आता या 'फोटोच तर आहे'चंच ऐका.

१९७६ च्या जानेवारीत मुंबईतल्या सरकारी आणि महापालिकेच्या जमिनीवरच्या झोपड्यांची गणना झाली. झोपडीला नंबर पडला, कुटुंबाचा फोटो निघाला, त्याचं कार्ड झालं. फोटोपास. त्या वर्षी आणीबाणी होती. त्याच वर्षी ट्रॉम्ब्याची जनता कॉलनी उठवून माणसं चिता कॅम्पला नेऊन टाकली. अशा दिवसांत तो फोटोपास म्हणजे काय चीज होती हे आपल्या आयांना विचारा. काही घरांत तो बाबासाहेबांच्या तसबिरीच्या मागे खोचलेला असायचा, पावसात आधी तो उचलायचा, मग पोर. नखाएवढे चेहरे, डोळे मिटलेले, वर शिक्का. आपल्यातल्या कित्येक बायांचा तो पहिला फोटो. कुणी तो भिंतीवर लावला नाही. त्याने भिंत वाचवली.

पुढे तारखांचा खेळ सुरू झाला. १ जानेवारी १९९५ पर्यंतची झोपडी अधिकृत. मग १ जानेवारी २००० पर्यंतची. त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. म्हणजे उपनगरातल्या गरिबाचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर अडलेलं आहे: तू किती जुना? मतदारयादी आण, वीजबिल आण, रेशनकार्ड आण, फोटोपास आण. आणलं तर म्हणतात नावात फरक आहे, शिक्का पुसट आहे, झेरॉक्स चालत नाही, मूळ प्रत कुठाय? मूळ प्रत २६ जुलै २००५ ला वाहून गेली, साहेब. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी. त्या पाण्यातून निघालेले अल्बम मी पाहिलेत, लोक आजही दुकानात घेऊन येतात. पानं एकमेकांना चिकटलेली, नवरदेवाचा चेहरा काचेला लागून सोलवटलेला, बुरशीची नक्षी. तुमच्या फिल्टरमध्ये 'वॉटर स्टेन' नावाचं बटण आहे ना? ते हे.

हुजी कॅम नावाचं एक अ‍ॅप मागे पोरांत फार चाललं. फोटो धुरकट करतं आणि कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापतं. दिवस-महिना आजचा, साल मात्र '९८. पोरं खूश, कसलं भारी दिसतंय! माझ्या ओळखीतली एक मावशी त्याच '९८ साठी वर्षानुवर्षं एका कार्यालयाचे जिने चढत होती. ती खरोखर '९८ ला तिथे होती. तिच्या चुलीचा धूर तिथे होता, तिचं पोर तिथल्या गटारात पडून उचललं होतं. पण कागदावर तिला ते साल कोणी देईना. २००० च्या अलीकडची की पलीकडची, एवढ्यावर तिचं घर. आणि अ‍ॅप ते साल फुकट वाटतं, ज्यांना त्याची काडीची गरज नाही त्यांना!

हे मला झोंबतं. ज्याच्याकडे सात-बारा आहे, वाडा आहे, वंशावळ आहे त्याला जुनेपणाची हौस येते आणि तो दुकानात येऊन आणखी थोडा जुनेपणा विकत घेतो. ज्याला जुनं असण्याचा पुरावा मागतात त्याच्या खऱ्या जुन्याला शिक्का मिळत नाही. अशा वेळी आपलीच पोरं खोट्या जुन्याचा धंदा वाढवणार असतील तर मी गप्प बसू?

कुणी म्हणेल, हा मशीनवर बसणारा माणूस पोरांच्या हौसमौजेवर उठलाय. नाही बाबा. कर हौस. मित्राचा फोटो तपकिरी कर, हिरवा कर, त्याला शिंगं काढ. चळवळीच्या फोटोला हात लावू नको, एवढंच. कारण आता यंत्र आणखी पुढे गेलंय. त्याला नुसतं सांगायचं, १९२७ चा महाडचा फोटो कर. चवदार तळं, पागोट्यातली माणसं, ओंजळीत पाणी, फाटकी कड, सगळं बनवून देतं. असले फोटो जयंतीच्या दिवसांत आपले लोकच फिरवतात, भक्तिभावाने, 'दुर्मिळ' लिहून. उद्या वर्गात मास्तर म्हणेल, तुमचे फोटो काय, बनवलेलेच असतात. मग १९९७ चा खराही त्याच ढिगात टाकेल. चोराला सुटायला एवढी फट पुरते.

एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने रमाबाई नगर आणि शेजारच्या कामराज नगरचा पुनर्विकास हाती घेतलाय. घरं रिकामी होताहेत. माणसं भाड्याच्या खोलीत जाताना पत्र्याची पेटी नेतात, कपाट नेतात, आणि माळ्यावरचं खोकं 'कचरा आहे' म्हणून टाकून देतात. त्या खोक्यात फोटो असतात. नामांतराच्या मोर्चाचे, ६ डिसेंबरला दादरला गेलेल्या घोळक्याचे, विहाराचा पाया खणतानाचे, नळावरच्या भांडणाचेसुद्धा. त्यांत मागे दिसणारी गल्ली, पत्र्यावरचा नंबर, दुकानाची पाटी, खांबावरचा मीटर, हे सगळं त्या वस्तीचं साक्षीपत्र आहे. एकटा फोटो कार्यालयात पुरावा ठरत नाही, हे मी जाणतो. पण तो नसला तर कागदात नाव नसलेला माणूस तिथे होता हे सांगणारं काहीच उरत नाही.

तेव्हा माळ्यावर चढा. म्हातारी माणसं जिवंत आहेत तोवर एकेक फोटो त्यांच्यापुढे धरा, कोण कोण आहे, कुठलं साल, विचारा, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा. बॉलपेनने नको, उमटतं. स्कॅन करताना मागची बाजूही करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. मूळ फाईलला रंग, उजेड, काही लावू नका. फाटलेला असेल तर फाटलेलाच ठेवा. साफ करायचा झाला तर दुसरी प्रत करून त्यावर करा आणि तसं नावात लिहा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट आणा. निगेटिव्हच्या पट्ट्या कॅरीबॅगमध्ये नकोत, ओल धरतात, कागदी पाकिटात ठेवा. आमचं दुकान रविवारी दुपारी दोनपर्यंत उघडं असतं. वस्तीच्या फोटोंच्या स्कॅनचे मी पैसे घेत नाही, मालकाशी ते बोलून ठेवलंय.